येळवशीसाठी खपलीच्या पिठाची ताटाएवढी पेरूची पाई

मार्गशीर्षातली दर्श वेळ अमावस्या म्हणजे आमची येळवस. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची कोप म्हणजे खोपी, तिच्यात पांडव म्हणून पुजलेले दगड, समोर भज्जी, बाजरीचे उंडे, बिंदगीतलं म्हणजे लहान मडक्यातलं आंबील आणि गव्हाची खीर. गेली चार वर्षं आमच्या कोपीपुढे आणखी एक वस्तू मांडली जाते. बारा इंची जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या थाळीत भाजलेली पेरूची पाई. वीस-चोवीस माणसांना एकेक तुकडा पुरतो, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं की ही घरी कशी करायची. ज्यांनी आजवर केकही भाजलेला नाही, पण करंज्या-शंकरपाळी हातची आहेत, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

पाई म्हणजे खाली पारी, मध्ये फळांचं सारण, वर पारीचंच झाकण, आणि हे सगळं तळायच्या ऐवजी भट्टीत भाजायचं. करंजी समजली असेल तर पाईचं निम्मं काम समजलं. उरलेलं निम्मं तिच्या आकारामुळे येतं. करंजी दोन मिनिटांत तळून निघते. तीन-सव्वातीन किलोच्या पाईच्या मधोमध उष्णता पोचायला सव्वा तास लागतो, तोवर वरचं करपू द्यायचं नाही आणि खालचं कच्चं ठेवायचं नाही. माझी पहिली पाई याच ठिकाणी फसली. वरून तांबूस, सुरेख दिसत होती. सुरी घातली तर आतला रस ताटभर पसरला आणि तळाची पारी ओल्या कणकेसारखी थाळीला चिकटून राहिली. पाहुण्यांनी वरचंच खाल्लं. म्हणून या लेखात तळाबद्दल जास्त बोलणार आहे आणि वरच्या नक्षीबद्दल जवळजवळ नाहीच.

खपलीच का

खपली हा फार जुना गहू आहे. माणसाने अगदी सुरुवातीला, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, पश्चिम आशियात जी धान्यं शेतात लावायला घेतली त्यांत तो होता. प्राचीन इजिप्तमध्ये भाकरीचा मुख्य गहू हाच होता. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरचा पट्टा आणि पलीकडचा बेळगाव भाग इथे तो अजून टिकून आहे, आणि मराठवाड्यातही आता काही शेतकरी थोडा थोडा लावतात. याचं टरफल दाण्याला इतकं घट्ट चिकटून असतं की नुसत्या मळणीने सुटत नाही, वेगळं कांडावं किंवा भरडावं लागतं. या कष्टामुळेही तो मागे पडला आणि महागही आहे.

पाईला तो का चालतो, हे समजून घेतलं तर पुढच्या सगळ्या कृती आपोआप लक्षात राहतात. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्याला ताण येतो, चिकटपणा येतो. पोळीला तो ताण हवा असतो, पावाला तर फारच हवा असतो. खपलीत हा ताण कमजोर. म्हणून खपलीच्या पिठाचा पाव नीट फुगत नाही. पण पाईच्या पारीला ताण आला की ती भाजताना आकसते आणि खाताना चामडीसारखी लागते. जी गोष्ट पावात उणी पडते, तीच पाईत उपयोगी पडते. मैद्याच्या पारीला कमी मळा, कमी मळा असं बजावावं लागतं. खपली चुकून दोन हात जास्त फिरले तरी सांभाळून घेते. वर तिची स्वतःची एक खमंग, किंचित गोडसर चव आहे, ती पेरूशी फार छान जुळते.

एक सावधगिरीची गोष्ट. खपली सोसते म्हणून काही जण ज्यांना गहू अजिबात वर्ज्य आहे त्यांनाही ती देतात. तसं करू नका. ताण कमजोर असला तरी ग्लुटेन, म्हणजे हा ताण देणारं गव्हातलं प्रथिन, त्यात आहेच. सिलियाक असलेल्या, म्हणजे ग्लुटेन न सोसणाऱ्या माणसाला ही पाई चालणार नाही.

मी खपलीत थोडं ज्वारीचं पीठ घालते. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पारी आणखी खुसखुशीत होते आणि कडेला कुरकुरीतपणा येतो. पण पाचात एक भाग, त्याहून जास्त नको, नाहीतर झाकण उचलताना तुटतं. ज्वारी शाळू घ्या किंवा जालन्याकडची दगडी मिळाली तर ती, फक्त पीठ ताजं पाहिजे. जुन्या पिठाची विरी गेलेली असते. ज्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात, ते पाईतही फाटणार.

दळण

पाकिटातलं खपलीचं पीठ मिळतं, पण जाडं-बारीक काय निघेल सांगता येत नाही. खपलीचा टरफल काढलेला गहू आणून दळून घेणं उत्तम. दाणा नेहमीच्या गव्हापेक्षा लांबट, निमुळता आणि तांबूस असतो. खिरीसाठी भरडलेली खपली आणू नका, अख्खा दाणा मागा. गिरणीत गेल्यावर आधी काय दळलं ते विचारा. एकदा माझं दळण बाजरीच्या पाठोपाठ लागलं. वरचं पीठ करडं निघालं आणि चार दिवसांत त्याला कडसर वास यायला लागला. आता मी गव्हाचं दळण चालू असताना नंबर लावते आणि "बारीक दळा, मैद्यासारखं" असं सांगते.

घरी आणल्यावर पीठ पूर्ण गार होऊ द्यायचं. गिरणीतून आलेलं पीठ हाताला गरम लागतं, आणि गरम पिठात तूप विरघळून जातं. मग बारीक चाळणीने चाळून वरचा जाड कोंडा काढा. तो टाकू नका, भाकरीच्या पिठात मिसळा. थोडा बारीक कोंडा पिठात राहणारच, आणि त्याच कोंड्यासाठी पुढे पीठ रात्रभर मुरवायचं आहे.

काय काय लागतं

थाळी: 30 सेंटिमीटर, म्हणजे बारा इंच व्यासाची, 4 सेंटिमीटर खोल, कडा किंचित पसरट. जर्मनची असेल तर सर्वात चांगलं, कारण जर्मन पटकन आणि सगळीकडून सारखं तापतं. स्टीलची परात दिसायला मजबूत असते पण तिच्यात तळ डागाडागाने भाजतो.

पारीसाठी: चाळलेलं खपलीचं पीठ 450 ग्रॅम, ज्वारीचं पीठ 100 ग्रॅम, घट्ट थंड साजूक तूप 260 ग्रॅम, पिठीसाखर दोन मोठे चमचे, मीठ एक लहान चमचा, बर्फाचं पाणी साधारण 150 मिलिलिटर.

सारणासाठी: पेरू अडीच किलो, किसलेला गूळ 300 ग्रॅम, दोन लिंबांचा रस, कॉर्नफ्लोअर 40 ग्रॅम, सुंठ पूड एक लहान चमचा, वेलची पूड तेवढीच, थोडं जायफळ, चिमूटभर मीठ, एका मोसंबीच्या सालीचा वरवरचा कीस, परतायला एक चमचा तूप.

तळाला पसरायला: भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट 60 ग्रॅम.

वरून: दोन चमचे दूध, चमचाभर गुळाचं पाणी.

वजनाच्या काट्याशिवाय ही पाई करू नका. वाटीने मोजलेलं पीठ दाबून भरलं की सैल भरलं यावर खूप फरक पडतो, आणि एवढ्या मोठ्या पाईत तो फरक पोटात घेता येत नाही.

दोन दिवस आधी संध्याकाळी: पारीचं पीठ

करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो. इथे उलट करायचं आहे, तूप थंडगार पाहिजे. गरम तूप पिठाच्या कणाकणाला लागतं आणि सगळं एकसारखं ठिसूळ होतं. थंड तुपाचे लहान तुकडे पिठात तसेच राहिले तर भट्टीत ते वितळतात आणि तेवढी तेवढी जागा मोकळी होऊन पापुद्रे सुटतात. लोण्यात पाणी असतं, ते लोणी ज्या त्या कंपनीचं जसं असेल तसं कमी-जास्त होतं. तुपात पाणी जवळजवळ नसतंच, म्हणून मी तूपच धरते. मार्गशीर्षातल्या थंडीत तूप आपसूक रवाळ गोठलेलं असतं. तरी दोन तास फ्रीजमध्ये ठेवा आणि जाड किसणीवर किसून घ्या. उन्हाळ्यात हा प्रयोग पहाटे करावा लागतो, नाहीतर सोडून द्यावा. चाळीस अंशांत तूप हातात राहत नाही.

दोन्ही पिठं, मीठ, साखर परातीत एकत्र करा. तुपाचे तीन वाटे करा, त्यातले दोन घालून बोटांच्या टोकांनी चोळा. तळव्याने चोळू नका, तळवा गरम असतो. मूठ वळून बघा, मूठ बांधली गेली आणि बोटाने टोचल्यावर मोडली की मोहन बरोबर. आता तिसरा वाटा घालून नुसतं हलक्या हाताने मिसळा. हे तुकडे हरभऱ्याच्या डाळीएवढे दिसत राहिले पाहिजेत.

पाणी एकदम ओतू नका. सुरुवातीला 100 मिलिलिटर शिंपडून काट्याने किंवा उलथन्याने फिरवा, मग चमच्या-चमच्याने वाढवा. मुठीत दाबल्यावर गोळा जमला, कडेला थोडं कोरडं पीठ राहिलं, तिथे थांबायचं. नवशिका इथे घाबरतो, कारण गोळा फुटका-फुटका दिसतो, आणि तो आणखी पाणी घालतो. घालू नका. खपलीतला कोंडा पाणी सावकाश पितो. रात्रीतून तेच पीठ मऊ, एकजीव होतं. ज्याला सकाळी बघून "हे कालचंच का?" असं वाटलं, त्याचं पीठ जमलं.

गोळ्याचे दोन भाग करा, एक 600 ग्रॅमचा तळासाठी आणि उरलेला साडेतीनशेच्या आसपास झाकणासाठी. दोन्ही चपटे दाबून, झाकून फ्रीजमध्ये ठेवा. चपटे केले की सकाळी लाटायला सोपे जातात.

त्याच संध्याकाळी: पेरूचं सारण

पेरू कसे घ्यायचे, हे आधी. बाजारात विकणारा नेहमी पिवळेधमक पुढे करतो. खायला ते छान, पाईला नकोत. हिरवा रंग उतरून पिवळसर होऊ लागलेले, वास सुटलेला पण अंगठ्याने दाबलं तर न दबणारे निवडा. दबणारा पेरू भट्टीत लगदा होतो. गुलाबी गराचे मिळाले तर कापल्यावर रंग सुरेख दिसतो, पण पांढऱ्यातही चव कमी नसते.

पेरूबद्दल सगळ्यांची एकच तक्रार असते, बिया. आणि बियांचा गर टाकून दिला तर पाईला बांधून ठेवणारी वस्तूच टाकली जाते. पेरूत पेक्टिन भरपूर असतं. जेली घट्ट होते ती त्याच्यामुळेच. म्हणून असं करा. सालं पातळ काढा, पेरू चार फोडींत चिरा आणि चमच्याने बियांचा गाभा खरवडून वेगळ्या पातेल्यात टाका. बाहेरच्या घट्ट गराच्या अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या कापा करून त्यांना लिंबाचा रस लावून ठेवा, म्हणजे काळ्या पडणार नाहीत.

गाभ्यात कपभर पाणी घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजवा. तो फुटून खिरीसारखा होतो आणि बिया सुट्या दिसायला लागतात. आता बारीक जाळीच्या गाळणीवर ओतून पळीच्या पाठीने फिरवत राहा. पुरणयंत्राच्या जाळीतून बिया निसटतात, म्हणून गाळणीच घ्या. पाच मिनिटं हात दुखतो, पण खाली जो गर पडतो तो रेशमासारखा असतो. गाळणीत कोरड्या बिया खडखडायला लागल्या की समजा सगळा गर उतरला. गाळणीच्या खालच्या बाजूला चिकटलेलाही खरवडून घ्या, सगळ्यात दाट गर तिथेच असतो.

हा गर पूर्ण गार झाल्यावर त्यात कॉर्नफ्लोअर गुठळी न राहता कालवा, मग गूळ घाला आणि आचेवर ठेवून सतत हलवा. गूळ विरघळल्यावर मिश्रण आधी पातळ होतं, घाबरू नका. पाच-सात मिनिटांत ते खदखदून दाटतं. उलथन्याने पातेल्याच्या तळाशी रेघ ओढली आणि ती क्षणभर तशीच राहिली की खाली उतरवा. गूळ चिरका किंवा मातकट असेल तर आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या.

पेरूच्या कापा चमचाभर तुपात सहा-सात मिनिटं परता. अर्धवट शिजून त्या थोड्या बसतात. कच्च्याच भरल्या तर भाजताना आकसतात आणि झाकणाखाली पोकळी राहते, कापताना झाकण कोसळतं. परतलेल्या कापा, दाट गर, सुंठ, वेलची, जायफळ, मीठ, मोसंबीच्या सालीचा कीस सगळं एकत्र करा. साल किसताना फक्त पिवळा-हिरवा पापुद्रा घ्या, खालचा पांढरा भाग कडू असतो. चव बघा. थंड झाल्यावर गोडी कमी लागते, म्हणून आत्ता किंचित जास्त गोड वाटलं पाहिजे.

सारण उघड्या ताटात पसरून गार करा आणि रात्रभर झाकून फ्रीजमध्ये ठेवा. कोमट सारण पारीवर घातलं तर तूप भट्टीत जाण्याआधीच वितळेल आणि आदल्या संध्याकाळची सगळी मेहनत वाया जाईल.

आदल्या दिवशी: तळ थापा, झाकण लाटा

सगळ्या पाककृती म्हणतात की तळाची पारी लाटून थाळीत घाला. खपलीच्या पिठाची चाळीस सेंटिमीटरची पारी उचलताना मी तीन वेळा फाडली. मग एकदा आत्याबाई शेजारी बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगं भाकरीसारखी थाप की थाळीतच." तेव्हापासून तळ थापतेच.

थाळीला तुपाचा हात फिरवून ज्वारीचं पीठ भुरभुरा. मोठा गोळा दहा मिनिटं बाहेर ठेवून मधोमध ठेवा आणि बोटांच्या टोकांनी, भाकरी वाढवतो तसं, मधून बाहेर सरकवत न्या. बोटं चिकटली तर कोरड्या ज्वारीच्या पिठात बुडवा, पाण्यात नाही. मधे साधारण चार मिलिमीटर जाडी राहू द्या. जिथे तळ आणि कड मिळतात त्या कोपऱ्यात पीठ नेहमी जाड साचतं आणि तिथेच कच्चं राहतं, म्हणून कोपरा अंगठ्याने दाबून पातळ करा. कडेवरून अर्धा इंच बाहेर येऊ द्या. चिरलं तर ठिगळ लावा, भाजल्यावर काही कळत नाही. थाळी परत अर्धा तास फ्रीजमध्ये, फ्रीजमध्ये मावत नसेल तर बाहेर सावलीत वाऱ्याला.

तळावर शेंगदाण्याचं कूट एकसारखं पसरा. हे कूट पेरूचा सुटणारा रस पितं आणि पारी कोरडी ठेवतं. पहिल्या पाईचा तळ ओला राहिला, दुसरीला कूट घातलं, आणि तेव्हापासून कधी विसरले नाही. कूट ओबडधोबड हवं, अगदी बारीक केलं तर तेल सुटतं. कुटावर गार सारण भरा.

झाकणाचा गोळा प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटा. पापड वाळवायचा जाड, स्वच्छ कागद असतो तो उत्तम. तीन मिलिमीटर जाडी, 33 सेंटिमीटर व्यास. वरचा कागद काढून, खालच्या कागदासकट उचलून सारण भरलेल्या थाळीवर उपडं करा आणि कागद सोलून काढा. सारण मधे किंचित उंच असावं. झाकण आणि तळाची बाहेर आलेली कड दोन्ही मिळून आत वळवा आणि करंजीला घालतो तशी मुरड घाला. ही मुरड नुसती शोभेची नाही, आतला रस तीच अडवते. मधोमध रुपयाएवढं भोक आणि भोवती सहा-सात चिरा पाडा, वाफ निघायला वाट पाहिजे. दूध आणि गुळाचं पाणी मिसळून बोळ्याने हलका हात फिरवा.

भट्टी

दिवाळीत आणि उन्हाळी सुट्टीत आपण रवा, पीठ, तूप घेऊन बेकरीत जातो आणि बिस्किटं भाजून डबे भरून आणतो. पाईसाठीही मी तिथेच जाते. घरच्या ओव्हनमध्ये तळ भाजणं हे सगळ्यात अवघड काम. भट्टीची तर फरशीच तापलेली असते, उष्णता खालूनच येते. एवढ्या मोठ्या पाईला याहून चांगली सोय नाही. वीज जाण्याची भीतीही नाही.

एक दिवस आधी बेकरीवाल्यांना विचारून ठेवा आणि पावाची खेप निघाल्यावरची वेळ मागा. पाव भाजतात तेव्हा भट्टी फार कडक असते. पहिल्या वर्षी मी घाई करत होते, तर बेकरीतले चाचा म्हणाले, "बाई, पावाची खेप निघू द्या. मंग ठिवू. आत्ता ठिवली तर वरून कोळसा, आतून कच्ची." अर्धा तास भट्टीचं तोंड झाकून ठेवलं. मग त्यांनी चिमूटभर पीठ फरशीवर फेकलं आणि बघत उभे राहिले. पीठ लगेच काळं झालं तर भट्टी अजून कडक. सावकाश बदामी झालं तर तयार. बदामी झालं तेव्हा त्यांनी लांब दांड्याच्या फावड्यावर थाळी ठेवून आत सरकवली, भिंतीपासून हातभर लांब, आणि वीस मिनिटांनी अर्धी फिरवली, कारण मागची बाजू जास्त तापते. त्या दिवशी एक तास दहा मिनिटं लागली. तुमच्या भट्टीला कमी-जास्त लागेल. चाचांसारख्या माणसाचं ऐका, त्यांचा हात त्या भट्टीवर वर्षानुवर्षं बसलेला असतो.

घरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये करायची असेल तर आधी टेपने आतली रुंदी मोजा. थाळीच्या कडा धरून बारा इंचांच्या वर माप जातं आणि लहान ओटीजीचं दार लागत नाही. दार लागलं तर खालच्या जाळीवर लोखंडी तवा ठेवून, दोन्ही रॉड चालू करून 220 अंशांवर अर्धा तास तापवा. थाळी त्या तापलेल्या तव्यावर ठेवा, म्हणजे तळाला भट्टीच्या फरशीसारखी आच मिळते. पहिली 20 मिनिटं 220 अंश, मग 180 अंशांवर आणखी 50 ते 60 मिनिटं. थाळीखाली रस सांडू शकतो म्हणून तव्यावर फॉइल अंथरा. वरून लवकर रंग आला तर झाकणावर फॉइल सैल टाका.

झाली की नाही हे रंगावरून ठरवू नका. खपलीचं पीठ मुळातच तांबूस, त्यात वर गुळाचं पाणी, त्यामुळे अर्ध्या तासातच ती झाल्यासारखी दिसते. मधल्या भोकाकडे बघा. कडेच्या चिरांतून बुडबुडे लवकर येतात, मधून उशिरा. मधल्या भोकातून जाड, आळसट बुडबुडे यायला लागले आणि त्यांचा रस पाण्यासारखा न राहता काकवीसारखा दिसला की आतलं सारण पोचलं. त्यानंतरही पाच मिनिटं राहू द्या. थाळी फडक्याने धरून हलकेच हलवून बघा. पाई थाळीत किंचित सरकली तर तळ सुटला, म्हणजे भाजला.

गार होणं

इथे सगळ्यांचा धीर सुटतो, विशेषतः मुलांचा. वास घरभर असतो. पण गरम पाई कापली की रस वाहणारच, कितीही कॉर्नफ्लोअर घाला. पेक्टिन आणि स्टार्च दोन्ही गार होतानाच घट्ट धरतात. एवढ्या आकाराला निदान चार तास लागतात. मी संध्याकाळी भाजून आणते आणि रात्रभर जाळीवर, वरून पातळ सुती फडकं टाकून ठेवते. गच्च झाकण घालू नका, वाफ कोंडून पारी मऊ पडते. आणि थाळीखाली जाळी हवीच. ओट्यावर तशीच ठेवली तर तळाला घाम सुटतो.

शेतात नेताना थाळी लाकडी पाटावर ठेवून पाटासकट फडक्यात बांधा. मोटारसायकलवर मांडीवर घेऊन बसणाऱ्याने थाळी आडवीच धरायची. कापायला पातळ सुरी घ्या, आधी मधून चार भाग आणि मग प्रत्येकाचे सहा. पहिला तुकडा उचलताना मोडतो, तो स्वयंपाक करणाऱ्याने खावा. उरलेली पाई जर्मनच्या थाळीत आणखी एक दिवस ठेवू नका. सारण आंबट असतं, उरलेले तुकडे स्टीलच्या डब्यात काढा.

पेरू नसतील तेव्हा

सीताफळ मनात येतंच. बीडच्या सीताफळाला, जालन्याच्या मोसंबीला आणि मराठवाड्याच्या केशर आंब्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि बालाघाटातलं सीताफळ खाल्लेल्या माणसाला ते प्रत्येक गोडात घालावंसं वाटतं. पण सीताफळाचा गर तापवला की कडवटपणा येतो. तो भाजू नका. थंड दुधात गर कालवून घट्टसर रबडी करा आणि पेरूच्या पाईच्या तुकड्यावर ओता, हे फार चांगलं लागतं. मात्र सीताफळ येळवशीपर्यंत संपत आलेलं असतं, म्हणून ही जोडी दिवाळीच्या सुमाराची.

केशर पिकलेला घेतला तर भट्टीत त्याचा रस होतो. पाडाला आलेला, अर्धा आंबट अर्धा गोड असा घ्या, गूळ शंभर ग्रॅमने वाढवा आणि कॉर्नफ्लोअर 60 ग्रॅम करा, कारण आंब्यात पेरूइतकं पेक्टिन नसतं. मोसंबीच्या फोडींची पाई मी दोनदा केली, दोन्ही वेळा ती पाणावली आणि कडू झाली. मोसंबी सालीपुरतीच ठेवा.

पेरूची पाई थंडीत दोन दिवस बाहेर टिकते, पुढे फ्रीजमध्ये आणखी तीन. शिळी गरम करताना मायक्रोवेव्ह वापरू नका, पारी लिबलिबीत होते. लोखंडी तवा मंद आचेवर तापवा, तुकडा तळाच्या बाजूने ठेवा, वर ताटली झाका. सात-आठ मिनिटांत तळ पुन्हा कुरकुरीत होतो आणि शेंगदाण्याच्या कुटाचा वास पहिल्या दिवसापेक्षा जास्त येतो.